फुटबॉलचा नारळ

जगात जे जे मोठं घडतं, ते आधी ईट गावात ठरतं आणि मग जगाला कळतं, असं खाजामियाँ हॉटेलवाल्यांचं ठाम मत होतं. उकळत्या आधणात चहाची भुकटी टाकताना ते हे मत दिवसातून एकदा तरी जाहीर करत. त्यांच्या स्वतःच्या हॉटेलातली साखर संपल्याचं मात्र त्यांना गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं झाल्यावर कळायचं.

या हॉटेलात जगाची बातमी यायची ती पाशामियाँच्या तोंडून. हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र भूमच्या मोटारीनं यायचं, येईपर्यंत शिळं व्हायचं, आणि हॉटेलात बसणाऱ्यांपैकी ते वाचता येणारे पाशामियाँ एकटेच. त्यामुळं पेपरात नेमकं काय छापलंय याबद्दल तिथं कधी वाद झाला नाही.

पाशामियाँ पूर्वी निजामाच्या पोलिसात, हैदराबाद शहरात होते. मग पोलीस ॲक्शन झाली आणि पोलीस घरी आले. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी, एक रुंद पट्टा आणि एक वाक्य बरोबर आणलं. वाक्य असं होतं, "मी तिकडं फुटबॉलमध्ये होतो." पेटीत त्यांच्या बायकोनं, कुलसुमबीनं, ज्वारी भरली, पट्टा शेळीच्या गळ्यात गेला. वाक्य तेवढं पाशामियाँ स्वतः वापरत राहिले.

वाक्य खोटं नव्हतं. हैदराबादच्या पोलिसांचा फुटबॉलचा संघ तेव्हा लांबलांबपर्यंत नावाजलेला होता. सामन्याला सगळं शहर लोटायचं. त्या लोटलेल्या शहराला दोरीच्या पलीकडं थोपवून धरायला जे शिपाई मैदानाच्या कडेनं उभे केले जात, त्यांत पाशामियाँ हटकून असायचे. आता बंदोबस्ताच्या शिपायानं उभं कसं राहायचं, याची एक रीत आहे. तोंड गर्दीकडं, पाठ मैदानाकडं. मान वळली की जमादाराची छडी पोटरीवर. अशी पाशामियाँनी कैक वर्षं फुटबॉलमध्ये काढली. मोठमोठे सामने त्यांच्या पाठीपासून हाताच्या अंतरावर झाले. फुटबॉल मात्र त्यांनी एकदाही पाहिला नाही.

त्यांनी पाहिली ती बघणाऱ्यांची तोंडं. हजारो डोळे एकदम डावीकडं जायचे, मग एकदम उजवीकडं. मध्येच सगळ्यांचे आ वासायचे. एखादा अब्बा खांद्यावरचं पोरगं विसरून दोन्ही हातांनी टाळ्या पिटायचा आणि शेजारचा ते पोरगं वरच्या वर झेलायचा. पाठीमागं धपधप आवाज, धूळ, कुणाच्या तरी नावानं शिव्या. आपल्या मागं असं चाललंय तरी काय, की वकील, कसाई, मौलवी सगळे सारखेच पिसाळतात? हा प्रश्न पाशामियाँच्या मानेत उसण भरावी तसा भरून राहिला होता. मरायच्या आधी एकदा, एकदाच, तोंड फिरवून पुरता एक सामना बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर वाक्य हातचं गेलं असतं.

तर सन छप्पनच्या मृगाच्या तोंडावर पाशामियाँनी पेपर उलगडला आणि खाकरले.

"ऐका. साऱ्या दुनियेचा फुटबॉलचा मेळा सहा सालांनी कुणाच्या मुलखात भरवायचा, यावरून झगडा लागलाय. एक अर्जेंटिना, एक चिली. दोघं बी म्हणतात, आमच्याकडंच भरवा."

कोपऱ्यातल्या बाकावर उत्तरेश्वर बसला होता. गावात कुणाचंही बोलणं त्याच्या घशाखाली सरळ उतरत नसे.

"भरवा म्हणतात? नका भरवू म्हणत न्हायत?"

"भरवा म्हणतात."

"म्हंजे पाव्हणे आपल्याच दारी यावंत म्हणून भांडण?"

"व्हय."

"किती पाव्हणे?"

"पंधरा-सोळा मुलखांचे."

"आन ऱ्हाणार किती दिस?"

"इथं लिव्हलं न्हाय. पण तीन-साडेतीन आठवडे तरी लागत असतील."

उत्तरेश्वरानं कपबशी खाली ठेवली. त्याच्या घरी मेहुणा येऊन पंधरवडा होत आला होता. "येडी हायत का काय ही लोकं?"

तेव्हा आण्णासाहेब बोलले. आण्णासाहेब म्हणजे गावचे पाटील. ते बाकावर बसत नसत. त्यांच्यासाठी खाजामियाँनी घरातली खुर्ची आणून ठेवली होती, आणि तिचा एक पाय आखूड असल्यानं आण्णासाहेब कुठलंही मत थोडं कलूनच देत.

"येडी कशानं? सप्ताहाच्या नारळाला काय करतोस तू, उत्तऱ्या?"

एवढं म्हटल्याबरोबर सगळ्या हॉटेलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या भागात हरिनामाचा मोठा सप्ताह दरसाल वेगळ्या गावी व्हायचा. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, की पुढच्या सालचा नारळ कुणाच्या पदरात पडतो याकडं सगळ्यांचे डोळे. गावंच्या गावं हात जोडून उभी. म्हातारी माणसं उपरणं पसरून महाराजांच्या पुढं बसणार, "औंदा आमाला, महाराज," म्हणून रडणार. ज्याला नारळ मिळाला ते गाव हलगी लावून नाचत घरी जायचं आणि वेस आली की एकमेकांना विचारायचं, "एवढ्यांना घालायचं काय? मागितला कुणी रं?"

"असं म्हणा की!" उत्तरेश्वर म्हणाला. "दुनियेचा नारळ हाय."

"मग देणार कोण?" खाजामियाँनी विचारलं.

"बैठक लिस्बनला हाय. पोर्तुगालात."

"कुठल्या पोर्तुगालात?" आण्णासाहेबांची खुर्ची दुसरीकडं कलली. "गोवा दाबून बसलाय त्याच?"

पाशामियाँनी मान हलवली. गेल्याच साली गोव्याच्या वेशीवर सत्याग्रही लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि ईटमध्ये त्याबद्दल निषेधाची सभा झाली होती. पोर्तुगालला ती अजून कळली नसावी.

"तिथं कशाचा आलाय न्याय!" खाजामियाँ म्हणाले. "आपण इथं ठरवू."

अशा रीतीनं लिस्बनच्या बैठकीचं काम ईटनं हाती घेतलं. पाशामियाँनी पेपरातून दोन्ही पक्षांची बाजू वाचून दाखवली आणि जिथं पेपर आखडला तिथं स्वतःची भर घातली. अर्जेंटिना मोठा मुलूख, मैदानं तयार, गाड्या, हॉटेलं, सगळं जिथल्या तिथं. चिली म्हणजे एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र.

"अर्जेंटिना म्हंजे सोनारी," उत्तरेश्वरानं निकाल दिला.

हे सगळ्यांना पटलं. सोनारीला काळभैरवनाथ, जत्रा, बारमास पाहुणे, उतरायला जागा. सोनारीवाल्याला तुम्ही विचारा, आमच्या घरी चार माणसं येतील का रं, तर तो म्हणणार, चारशे का न्हाय?

"आन मग चिली?"

सगळ्यांनी एकदा बाहेर बघितलं. बालाघाटाचा डोंगर होता तिथंच होता.

"समुद्र तेवढा न्हाय आपल्याकडं," खाजामियाँ म्हणाले.

आण्णासाहेबांनी मिशीवरचा चहा पुसला. "ज्याच्या घरी रोज पाव्हणा, त्यो तांब्या सरकवतो आन गप बसतो. ज्याच्या घरी कुणी येत न्हाय, त्यो शेजाऱ्याचं घोंगडं मागून आणतो आन अंथरतो. माझं म्हणाल तर नारळ चिलीला."

एकमुखानं ठराव झाला. विरोधात एकटं उत्तरेश्वराचं मत पडलं असतं, पण मेहुणा बोलवायला आला म्हणून तो घरी गेला होता.

मृग सुरू झाल्यावर एका सकाळी पाशामियाँ पेपर हातात धरून हॉटेलच्या दारातच थबकले. त्यांनी मजकूर दोनदा मनात वाचला आणि मग मोठ्यानं. लिस्बनच्या बैठकीनं मेळा चिलीला दिला होता. थोड्याथोडक्या नव्हे, भरपूर मतांनी.

चहा उतू गेला.

"कळवलं कुणी त्यास्नी?" उत्तरेश्वरानं हळूच विचारलं.

खाजामियाँनी फडकं खांद्यावर टाकलं आणि गावाकडं असं बघितलं, की त्यानंतर त्यांच्या मताला विरोध करण्याची कुणाची छाती राहिली नाही.

गोष्ट इथं संपायची. पण दसरा झाल्यावर धाराशिवहून बातमी आली, की जिल्हा मैदानी खेळ मंडळ नावाचं एक मंडळ नवं निघालं आहे आणि मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांचे संघ बोलावून पौषात फुटबॉलचे सामने भरवणार आहे. तेही शहरात नाही, खेड्यात, म्हणजे खेड्यांची प्रगती होईल. ज्या गावाला पाहिजेत त्यांनी सांगावं. मंडळाचे सेक्रेटरी स्वतः येऊन बघतील.

सोनारीनं सांगितलंच. पाशामियाँनी आण्णासाहेबांच्या वाड्यापर्यंतचा रस्ता पळत काढला, आणि पाटील दाढी करत होते तिथंच उभे राहून म्हणाले, "आण्णासाहेब, ईटनं उभं ऱ्हायाचं."

आण्णासाहेबांच्या अर्ध्या तोंडाला साबण होता. "पाशाभाई, बसा. आधी सांगा, फुटबॉलमध्ये करतात काय?"

"चेंडू मारतात. पायानं."

"हातानं?"

"हात लावायचा न्हाय."

"हात धडधाकट असून?"

"व्हय."

"हे कुणी ठरवलं?"

"इंग्रजांनी."

"तरीच," आण्णासाहेब म्हणाले आणि उरलेली दाढी केली. पण वस्तरा पुसता पुसता त्यांना चिली आठवला असावा. "सोनारीवाले काय म्हणतात? चारशे का न्हाय?"

"चार हजार म्हणत्यात."

"मग आपण उभं ऱ्हायलंच पायजे."

पाशामियाँना गावाचा मान, खेड्याची प्रगती वगैरे नकोसं होतं असं नाही. पण त्यांचा हिशेब साधा होता. सामने सोनारीला गेले, तर पहिल्या रांगांत सोनारीवाले बसणार आणि ईटच्या माणसाला दिसणार ती सोनारीवाल्यांची डोकी. इतकी वर्षं तोंडं बघितली, आता म्हातारपणी डोकी बघायची! सामने ईटला आले तरच पुढची जागा मिळणार होती, तरच एकदाचं कळणार होतं.

मैदानासाठी ओढ्याकाठचं गायरान ठरलं. आता मोकळ्या रानात जिथं धूळ उडायची आहे, काही तरी गोल गोल फिरायचं आहे आणि लोकांनी कडेला उभं राहायचं आहे, अशी जागा तयार करण्याची एकच रीत ईटला ठाऊक होती. खळं करायची. आधी ढेकळं फोडली, पाणी मारलं, त्यावर बैल फिरवले, माती चोपली. मग आण्णासाहेबांच्या घरच्या विठाबाई पदर खोचून पुढं झाल्या आणि त्यांच्या मागून गावच्या सगळ्या बायका शेणाच्या पाट्या घेऊन आल्या. सबंध मैदान सारवून निघालं. गोल, गुळगुळीत, आरशासारखं. त्यावर दाणा सांडला असता तर दिसला असता.

आण्णासाहेबांनी ते बघितलं आणि त्यांना काही तरी चुकल्यासारखं वाटलं. खळ्याला मध्ये मेढ असते. जाड खांब. त्याला बैल बांधतात आणि त्याच्याभोवती मळणी फिरते. मेढ नाही ते खळं, कुंकू नसलेल्या कपाळासारखं दिसतं.

"पाशाभाई, फुटबॉलला मध्ये मेढ असती का?"

सगळं गाव त्यांच्याकडं बघू लागलं. पाशामियाँनी डोळे मिटले. मैदानाची मधली जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. कडेची पाहिली नव्हती, कोपऱ्याची पाहिली नव्हती, मधली कुठून बघणार? त्यांनी तोंडं आठवली. डोळे डावीकडं. डोळे उजवीकडं. डावीकडं, उजवीकडं. आणि हो, सामना सुरू होताना सगळे डोळे अगदी मधोमध टक लावून असायचे. पुन्हा प्रत्येक मोठ्या आरोळीनंतर, टाळ्या थांबल्या की, सगळे डोळे परत त्याच मधल्या जागी येऊन टेकायचे. म्हणजे तिथं काही तरी होतं. उगाच हजार माणसं मोकळ्या जागेकडं बघत नाहीत.

"असावी," पाशामियाँ म्हणाले.

"असावी म्हंजे? हाय का न्हाय?"

"हाय."

बाभळीचा पुरुषभर उंच खांब आला. खड्डा खणला, खांब रोवला, विठाबाईंनी त्याला गेरू फासला आणि वर आंब्याचा डहाळा बांधला.

घरी जेवताना कुलसुमबीनं विषय काढला. "अजी, त्यो खांब मधी कशाला?"

"असतो."

"पळता पळता डोकं न्हाई आपटायचं कुणाचं?"

"ते चुकवायचं असतं. तोच तर खेळ हाय."

कुलसुमबीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "इतक्या सालांत तुमी कदी बोल्ले न्हाई खांबाचं."

पाशामियाँनी तांब्या तोंडाला लावला.

सेक्रेटरी यायच्या आदल्या दिवशी हॉटेलात शेवटची बैठक बसली. प्रश्न असा होता, की सायबापुढं बोलायचं काय. उत्तरेश्वराचं म्हणणं, चिलीनं केलं ते करावं. "काय न्हाय आमच्याकडं म्हणायचं. काय न्हाय, म्हणून आमाला द्या. जिंकायची रीत हाय ती, दुनियेत चालली."

"मी?" आण्णासाहेब उसळले. "मी पाटील असून माझ्या तोंडानं सांगू, की आमच्याकडं काय न्हाय? सोनारीला कळलं तर?"

शेवटी तोड निघाली. काय न्हाय हे उत्तरेश्वरानं म्हणायचं आणि लगोलग आण्णासाहेबांनी सायबाला जेवायला बसवायचं.

सेक्रेटरी शांतलिंगअप्पा सोनारी उरकून जीपनं आले. धाराशिवचा माणूस, पांढरी टोपी, काखेत छत्री, चेहरा असा गंभीर, की हलगीवाले वाजवायचे थांबले. उत्तरेश्वर ठरल्याप्रमाणं पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, आमच्याकडं काय न्हाय."

"असू द्या," अप्पा म्हणाले.

मग पानं मांडली. गव्हाची खीर आली, पुरण आलं, कटाची आमटी, येळवणीचा भात, कुरडया, भरली वांगी आली. तुपाची वाटी घेऊन स्वतः उत्तरेश्वर फिरत होता आणि दर वाढणीला म्हणत होता, "आमच्याकडं काय न्हाय, सायेब." तिसऱ्या वाटीला आण्णासाहेबांनी त्याला चिमटा काढला.

"खेळाडू उतरणार कुठं?" अप्पांनी खिरीतून मान वर काढून विचारलं.

याचं उत्तर विठाबाईंनी उंबऱ्याआडून दिलं. "घरटी दोन गडी घेऊ आमी. हिंदूंच्या घरी दोन, मुसलमानांच्या घरी दोन. खेळून येतील ते भुकेजून येतील. गरम पाणी देऊ. आन पायाला तेल चोळू. पायानंच खेळत्यात म्हणून ऐकलं."

अप्पांनी मान डोलावली. ती खिरीसाठी होती का तेलासाठी, हे कळलं नाही.

मग सगळे ओढ्याकडं निघाले. पाशामियाँ मागं मागं राहिले. चालता चालता त्यांना एकाएकी आठवलं, की मैदानाची दोरी, त्यांच्यासमोर होती तेवढी तरी, सरळ होती. पण गोलाचा लहानसा तुकडाही जवळून सरळच दिसतो. आणि खांबाचं काय? लोक नुसती जागाही बघत असतील. हजार माणसं मोकळ्या जागेकडं बघतात, दर शुक्रवारी नमाजाला मशिदीच्या रिकाम्या कोनाड्याकडं बघतात, ईदचा चंद्र दिसायच्या आधी आभाळाकडं बघतात. हे काल का सुचलं नाही?

सारवलेलं मैदान बघून शांतलिंगअप्पा कडेलाच थांबले. त्यांनी वहाणा काढल्या. त्यांचं बघून जीपवाल्यानंही काढल्या. अनवाणी पायांनी दोघं आत गेले.

"मैदान गोल आहे," अप्पा म्हणाले.

"व्हय," आण्णासाहेब म्हणाले आणि पाशामियाँकडं बघितलं.

अप्पा चालत चालत मध्ये गेले. खांबाभोवती एक फेरी घातली. छत्रीच्या टोकानं खांबावर टकटक केलं. खांब भक्कम होता.

"आणि हा खांब?"

आता सगळं गाव पाशामियाँकडं बघत होतं. पाशामियाँनी आयुष्यभर लोकांची तोंडं वाचली होती, पण ती सगळी त्यांच्या पलीकडं बघणारी होती. ही तोंडं त्यांच्यावरच रोखलेली होती. उत्तरेश्वराचा ओठ हसायच्या तयारीत थरथरत होता. साहेब हसले, की वाक्य गेलं, सामने गेले, आणि सोनारीला जाऊन डोकी बघण्याइतकीही अब्रू राहणार नव्हती. 'ते खांबवाले पाशामियाँ' म्हणून लोक वाट देतील, पुढं जागा नाही.

"तो, साहेब," पाशामियाँनी खांबाकडं बोट केलं, "मधला आहे."

"तेच म्हणतो," शांतलिंगअप्पा म्हणाले. "सोनारीला खांबच नव्हता."

कुणाला काही समजेना.

"मोकळं रान दाखवलं हो त्यांनी! चार कोपऱ्यांना चार दगड ठेवलेले. मी म्हटलं, बाकीची तयारी? तर म्हणे, बाकी काय लागतं? असं असतं का? गावात उतरायला चार हजारांची सोय आहे म्हणतात आणि मैदानात एक खांब नाही." त्यांनी खांबावरून हात फिरवला, गेरू हाताला लागला, तो त्यांनी छत्रीला पुसला. "इथं पाऊल टाकलं की कळतं, माणसांनी विचार केलेला आहे. सामने ईटला."

जो गलका उठला तो परांड्यापर्यंत गेला असावा. हलगी सुरू झाली. आण्णासाहेबांनी जवळचा नारळ काढला, तो अप्पांच्या हातात दिला आणि लगेच त्यांच्यापुढं उपरणं पसरून बसले. अप्पांना हा प्रकार नवा होता. त्यांनी नारळ उलटसुलट करून बघितला, मग सगळ्यांची तोंडं बघितली आणि ज्याचा त्याला परत द्यावा तसा उपरण्यात टाकला. गाव रडलं. उत्तरेश्वरसुद्धा रडला, आणि रडता रडता म्हणाला, "मागितला कुणी रं?"

"मी म्हणत नव्हतो?" खाजामियाँ ज्याला त्याला सांगत फिरत होते. "चिलीच्या वक्ताला बी म्हणत नव्हतो?"

"इथं फुटबॉलचा जाणकार कोण आहे?" अप्पांनी विचारलं.

आण्णासाहेबांनी पाशामियाँचा दंड धरून त्यांना पुढं आणलं. "हे आमचे पाशाभाई. हैदराबादला फुटबॉलमध्ये होते."

इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं होतं. पाशामियाँना ते ऐकायला फार बरं वाटलं, आणि आपलं नसल्यासारखंही वाटलं.

"उत्तम. सामन्याच्या दिवशी यांची खुर्ची पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी."

"साहेब," पाशामियाँनी भीत भीत विचारलं, "तोंड मैदानाकडं करून?"

"मग काय गावाकडं?"

पाशामियाँनी रिकाम्या गोल मैदानाकडं बघितलं. इथं धूळ उडणार, धपधप होणार, आणि या वेळी ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं असणार होतं. डावीकडं काय, उजवीकडं काय, मध्ये काय आणि वकील, कसाई, मौलवी कशापायी पिसाळतात, सगळं कळणार होतं. विचारायचं असेल ते विचारायला शेजारी जिल्ह्याचा सेक्रेटरी. पौषापर्यंत जगलं की झालं.

जीप सुरू झाली. गाव दोन्ही बाजूंनी उभं होतं. अप्पा आत बसले, मग पुन्हा बाहेर वाकून त्यांनी पाशामियाँना बोटानं जवळ बोलावलं. आण्णासाहेब पुढं यायला लागले, तर त्यांना हातानंच थांबवलं. पाशामियाँनी जीपच्या दांडीला धरून कान पुढं केला.

"तुम्ही जाणकार, म्हणून सांगतो," शांतलिंगअप्पा हलगीच्या आवाजाखाली आवाज दडवत म्हणाले. "मी मूळचा बी-बियाणांच्या गोदामातला. हे मंडळ माझ्या गळ्यात पडलं. त्या दिवशी कलेक्टर येणार, मोठमोठी माणसं येणार, सगळी माझ्याकडं बघणार. तुमची खुर्ची लागूनच आहे. फार काही नको, पाशामियाँ. टाळी कधी वाजवायची, तेवढं मला कोपरानं डिवचत जा."